छातीची तपासणी

साहेबांनी लाल पेनाने तो शब्द खोडला, वर ‘छाती’ लिहिलं आणि कागद टायपिस्टबाईंच्या टेबलावर सरकवला.

“एवढं बदला आणि वीस प्रती काढा. मुलींच्या वसतिगृहात लावायचंय म्हणून काय वाटेल ते लिहायचं?”

मजकूर विद्यार्थिनींच्या आरोग्य गटाचा होता, टायपिस्टबाईंनीच टाइप केलेला. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, आरशासमोर उभं राहून काय पाहायचं, बोटांच्या पेरांनी कसं चाचपायचं, गाठ लागली तर न घाबरता, पण टाळाटाळही न करता डॉक्टरांकडे कसं जायचं. ‘स्तन’ हा शब्द नऊ वेळा आला होता. साहेबांनी नऊच्या नऊ वेळा खोडला होता. एरवी पगारपत्रकावर न वाचता सही ठोकणारा माणूस.

कागद आणणारी मुलगी अजून तिथंच उभी होती. कुठल्याही अर्जावरून वाद घालते म्हणून कचेरीने तिचं नाव वकीलबाई पाडलं होतं.

“सर, मागच्या वर्षी ‘छातीची तपासणी’ असंच छापलं होतं. दोन मुली खोकला घेऊन आल्या. आणि व्यायामशाळेतला एक जण, वजन उचलून दुखतंय म्हणून.”

“आली ना पण माणसं?” साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

टायपिस्टबाई हसल्या नाहीत. त्यांनी कीबोर्ड ओढला आणि शब्द बदलला. पडद्यावर उमटलं : नऊ बदल झाले.

त्यांची धाकटी बहीण सात महिने “छातीत कसंतरी होतंय” म्हणत होती. पहिल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी हृदयाचा आलेख काढला. तो इतका देखणा आला की सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. नेमकं कुठे, ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बाईंनीसुद्धा नाही. एका पांघरुणात वाढलेल्या दोघी! ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. राग नक्की कुणावर काढायचा ते बाईंना अजून ठरवता आलं नव्हतं, म्हणून तो कीबोर्डवर निघे. तिसरा कीबोर्ड चालू होता.

“काकू,” मुलगी टेबलावर वाकली. आवाज एकदम लहान झाला होता. “माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं. तिला ना, छातीत जरा...”

बाईंची बोटं थांबली.

“छातीत कुठे?”

हातातली फाइल मुलीने डाव्या बाजूला घट्ट दाबून धरली होती.

“किती दिवस झाले?”

“दोन महिने.”

“कुणाला सांगितलंस?”

मैत्रीण कुठल्या कुठे गेली. मुलीने नुसती नकारार्थी मान हलवली.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. नऊ वेळा लिहिते, साहेबांशी भांडते आणि स्वतःवर आलं की छातीत! पण शब्द ओठांवर येईनात, कारण तो शब्द त्यांनी तरी आयुष्यात कधी तोंडाने उच्चारला होता?

मजकुराच्या तळाशी तपासणी केंद्राचा नंबर होता. त्यांनी कचेरीतला फोन ओढला.

“तपासणीसाठी वेळ हवी होती.”

“कशाची तपासणी?”

समोर चार कारकून, कोपऱ्यात साहेब.

“छा...” जीभ सवयीने तिकडेच वळली. बाईंनी ती चावली. “स्तनांची.”

चारही कारकुनांनी माना वर केल्या.

“कुणाची?”

“माझी,” बाई म्हणाल्या. मग मुलीकडे न बघता, “आणि माझ्या भाचीची. बहिणीची मुलगी आहे. तिचं आधी बघा.”

मुलीने झटकन वर पाहिलं.

“मॅडम, आवाज तुटतोय. कशाची म्हणालात?”

बाई खुर्चीवरून उठल्या. उभं राहून, अक्षर न् अक्षर सुटं करून त्यांनी पुन्हा सांगितलं, पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं. उद्याची अकराची वेळ लिहून घेतली. मग बसल्या आणि नऊच्या नऊ बदल मागे घेतले.

प्रिंटर घरघरू लागला. साहेब टेबलाखाली वाकून लाल पेनाचं टोपण शोधत होते. बराच वेळ शोधत राहिले.