तिरका पाइप

माझ्या हातचा पाइप कधी वाकडा गेला नाही. चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, पण पाणसळीतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय एकही क्लॅम्प आवळला नाही. धंद्यातले लोक मला सरळमामा म्हणतात. त्यातले निम्मे चिडवायला म्हणतात, तरी मला बरं वाटतं.

माझी मुलगीही प्लंबरच. हात माझा घेतला, डोकं बहुधा आईचं. भंगारातल्या फ्रिजांच्या पाठीवरच्या काळ्या जाळ्या ती घरी घेऊन आली, तेव्हा सगळ्यात जास्त मीच हसलो. तिनं चार जाळ्यांच्या नळ्या एकमेकींना जोडल्या आणि कुठल्याशा पाडलेल्या घरातून आणलेल्या खिडकीच्या चौकटीत, काचेखाली बसवल्या. त्याच्या वरच्या अंगाला एक छोटा ड्रम, त्याला जुनी पांघरुणं गुंडाळलेली. पंप नाही, वीज नाही. उन्हानं नळ्यांतलं पाणी तापायचं, तापलं की आपणहून वर चढून ड्रमात जायचं, आणि ड्रमाच्या तळातलं थंड पाणी नळ्यांत उतरायचं. खर्च म्हणावा तर सांधे आणि रंग.

हे सगळं एका लहानशा प्रसूतिगृहाच्या गच्चीवर चाललं होतं. तिथली वीज सारखी जायची आणि बाळांच्या अंघोळीचं पाणी एका शेगडीवर तापायचं. तिथल्या मोठ्या सिस्टर भलत्याच कडक. त्यांनी मुलीला बजावलं होतं, की रविवारी दुपारी बाराला नळाला कढत पाणी आलं तर ठेवू, नाहीतर हे भंगार त्याच दिवशी खाली उतरवायचं. कुणी न शिकवता, स्वतःच्या डोक्यानं केलेलं तिचं हे पहिलं काम होतं. ते फसलं असतं तर दुसऱ्या कुणी तिला आपल्या गच्चीवर पाऊल ठेवू दिलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी ती पुढं गेली आणि मी हत्यारं गोळा करायला मागं राहिलो. तेवढ्यात तो पाइप माझ्या डोळ्यांत खुपला. जाळीपासून ड्रमापर्यंत तिरका, झिंगलेला माणूस घराकडं निघावा तसा. उद्या लोक बघतील आणि म्हणतील, सरळमामाची पोर आणि हे असलं काम? मला काही राहवलं नाही. पाइप सोडवला, आधी सरळ वर नेला, मग भिंतीच्या कडेनं आडवा, मग काटकोनात खाली ड्रमात. बुडबुडा अगदी मधोमध. चार पावलं मागं होऊन बघितलं आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेलो. मुलीला यातलं काही बोललो नाही.

रविवारी सकाळीच तिला कुठल्याशा फुटलेल्या नळासाठी बोलावणं आलं. मी आपला एकटाच दहा वाजता गच्चीवर. काच इतकी तापलेली की बोट टेकवेना, आणि ड्रमाचा नळ सोडला तर पाणी थंडगार. साडेदहाला तेच, अकराला तेच. कारण काही कळेना. मुलगी पावणेबाराला आली ती सिस्टरांच्या बरोबरच.

तिला एका नजरेत कळलं. तिनं पाइपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती सिस्टरांकडं वळली.

"माझं चुकलं, सिस्टर. एक दिवस द्या."

सिस्टर म्हणाल्या, बारा म्हणजे बारा.

बापाची अब्रू राखायला पोर स्वतःचं काम घालवत होती. तोंड उघडायला मला जड गेलं, खोटं कशाला सांगू?

"चूक तिची नाही," मी म्हणालो. "काल तिला न विचारता मी पाइप बदलला. तिचा बरोबर होता."

"तुम्ही? इतकी वर्षं हेच काम करताय ना?"

"यातलं मला कळत नाही, सिस्टर. तिला कळतं."

सिस्टर आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग तीन वाजेपर्यंत थांबते म्हणाल्या आणि खाली गेल्या.

मुलीनं पाना उचलला. रागावलेली होतीच, पण काम करता करता तिनं मला समजावलं. पाइप वर जाऊन खाली वळला, त्या उंचवट्यावर हवा अडकून बसली आणि पाण्याची वाट बंद झाली. तापलेल्या पाण्याला शेवटपर्यंत चढच लागतो. मग अजून वर धरा, आता हलू नका, असे हुकूम सुटले. कित्येक वर्षांनी मी कुणाच्या तरी हाताखाली काम केलं, आणि निमूटपणे केलं. पाइप गुडगुडला, हवा निघून गेली, आणि जरा वेळानं ड्रमाकडचं टोक माझ्या तळव्याखाली तापायला लागलं. मला इतका आनंद झाला की चटका बसला तरी हात काढवेना.

तीनला सिस्टरांनी नळाखाली बोटं धरली आणि झटकन मागं घेतली. ठेवा म्हणाल्या. दुसऱ्या गच्चीवरही बसवता येईल का, ते त्यांनी मुलीला विचारलं, मला नाही. मग म्हणाल्या, खाली एका बाळाची अंघोळ खोळंबलीये, तेवढी बादली भरून द्या.

बादली मी उचलली. जिन्यात बाळाची मावशी भेटली. वाफ बघून थबकलीच. वीज तर सकाळपासून नाही, मग एवढं पाणी तापवलं कुणी, म्हणून तिनं विचारलं.

"माझ्या मुलीनं," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं होतं, तरी मी पुन्हा एकदा सांगितलं.