‘सातवं माप’वर माझा अभिप्राय

‘सातवं माप’ ही कादंबरी मला एकाच उन्हाळ्यात तिघींनी आणून दिली. पहिली प्रत समोरच्या सोसायटीतल्या शुभाताईंची, त्या आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी. दुसरी कांजूरमार्गच्या मावशीची. तिसरी चक्क आईने आणली, वाचनालयात नाव घालून. आईचं शिक्षण चौथी. पंचांगाखेरीज तिच्या हातात मी पुस्तक पाहिलेलं नव्हतं. पण नवऱ्याचं घर सोडून आलेल्या मुलीला काय वाचायला द्यावं, यावर घाटकोपरात त्या वर्षी सगळ्यांचं एकमत झालं होतं.

गोष्ट थोडक्यात सांगते. अनुराधा नावाची बाई सात जन्म एकाच पुरुषाच्या दारचं माप ओलांडते. सहा जन्म तो तिला छळतो आणि ती सोसते, कारण मागच्या जन्मीचं आपलंच काहीतरी चुकलं असणार अशी तिची खात्री असते. सातव्या जन्मी तिच्या पाठीवरची जुनी डागाची खूण बघून त्याला सगळं आठवतं, आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. संपलं. मी दोनदा वाचली. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या वेळी रडलेसुद्धा. लेखिकाबाईंनी लिहिलीय झकास. पण पुस्तक मिटल्यावर मला एवढंच वाटलं, की सहा जन्म म्हणजे फार झाले.

मी सांताक्रूझहून मार्गशीर्षात परत आले होते. माझा नवरा चंद्रप्रकाश कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जायचा, आणि संध्याकाळी तेच कुलूप स्वतःच्या हाताने उघडून विचारायचा, कोण आलं होतं. उत्तर काहीही दिलं तरी हात उठायचाच. एकदा डाव्या कानावर अशी बसली की त्या बाजूचं ऐकूच येईना. त्यानंतर आठवड्याभरात मी निघाले. कुलपाचं म्हणाल तर चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई त्या दिवशी भाजीला गेल्या होत्या आणि दार नुसतं ओढलेलं होतं.

आईला कानाचं सांगितलं तर म्हणाली, होईल बरा. ती नेमकी डावीकडून बोलायची, आणि मी ओ दिली नाही की म्हणायची, “नाटकां नको करू गो.” मला तिचा भयंकर राग यायचा. पुढे पुढे कळलं, कान मान्य केला असता तर तिला बाकीचंही मान्य करावं लागलं असतं. बाबा, म्हणजे राजाराम परब, गिरणीच्या संपात घरी बसले तेव्हा जे गप्प झाले ते रखवालदाराची नोकरी लागली तरी गप्पच होते. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं आईकडे आलं होतं, आणि तिचं एकच पालुपद, दिल्या घरी सुखी राहावं.

चैत्रात मंडळाचं हळदीकुंकू होतं. शुभाताईंच्या मनात आलं, नुसती आंब्याची डाळ आणि पन्हं कशाला, कादंबरीच्या लेखिकेलाच बोलावू या, आणि वाचकांनी उठून आपापले अभिप्राय सांगावेत. बोलणाऱ्यांत आईने माझं नाव परस्पर दिलं. मी हो म्हटलं. पुस्तक वाचलं होतं, बोलायला काय जातंय.

मंडळाच्या हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. पुढच्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर नारळ आणि खण. मागे वळून पाहिलं तर आईच्या हातात माझी कपड्यांची पिशवी.

“ही पिशवी कसली?” मी विचारलं.

“तुझीच. गप ऱ्हव. चार माणसांत शोभा नको.”

मग सगळा बेत लक्षात आला. मी बोलायचं, बोलता बोलता रडायचं, सासूबाईंनी सगळ्यांसमोर ओटी भरायची, आणि भरल्या ओटीने मी परस्पर सांताक्रूझ गाठायचं. एवढ्या बायकांसमोर पोर नाही कशी म्हणेल. बेत शुभाताईंचा असणार, आईला एवढं सुचत नाही. मी खुर्चीत बसले आणि मनाशी ठरवलं, आज काय वाट लागायची ती लागू दे.

लेखिका वसुधाबाई बुटक्या, चष्म्याच्या, शांत चेहऱ्याच्या होत्या. एक बाई म्हणाल्या, तिसऱ्या जन्माच्या वेळी माझी आमटी करपली. दुसऱ्या म्हणाल्या, नातीचं नाव आम्ही अनुराधा ठेवलं. तिसऱ्या म्हणाल्या, मी रोज एक प्रकरण यांना वाचून दाखवते, आणि हे रोज झोपतात. हॉल हसला. वसुधाबाईही हसल्या. मग शुभाताईंनी माझं नाव घेतलं.

“मलाही माझा मागचा जन्म आठवतो,” मी म्हटलं.

बायका सावरून बसल्या. वसुधाबाई पुढे वाकल्या.

“त्या जन्मी माझं नाव वनमाला होतं. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण नाव बरं होतं. घर सांताक्रूझला. विमान गेलं की फळीवरची भांडी वाजायची. दाराला बाहेरून कुलूप असायचं. नवरा घरी आला की मारायचा.”

सासूबाईंनी मांडीवरचा नारळ घट्ट धरला. मी बोलत राहिले.

“अनुराधेच्या पाठीवर मागच्या जन्माची खूण आहे. माझी या डाव्या कानात आहे. या कानाने मला काही ऐकू येत नाही. अनुराधेने सहा जन्म सोसलं. मी एकच सोसला, आणि तो संपला. वनमाला मार्गशीर्षात गेली. तिला न्यायला आज कुणी आलं असेल, तर त्यांना उशीर झाला.”

“अगं सुगंधा, पुस्तकाबद्दल बोल ना,” शुभाताई कसंनुसं हसत म्हणाल्या.

“पुस्तकाबद्दलच बोलतेय, ताई. पुस्तक चांगलं आहे. पण मी परत जाणार नाही.”

सासूबाई उठल्या. “वनमाला, पुरे झालं. चल.”

मी जागची हलले नाही. सवयीने पाऊल उचललं जाईल की काय, याची खरं तर मला भीती वाटली होती. नाही उचललं गेलं.

वसुधाबाईंनी मला हाताने जवळ बोलावलं. समोरच्या गठ्ठ्यातली नवी प्रत उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. “हे मला सुचलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “रागावू नकोस, मला एवढंच लिहिता आलं. प्रत तुझ्याजवळ असू दे. नाव काय घालू? सौ. ...?”

“सौ. वनमाला चंद्रप्रकाश राणे,” सासूबाई माझ्या आधी म्हणाल्या.

आता चौथी प्रत, आणि तीही त्या नावाची. मी तोंड उघडणार, तोच सगळ्या बायकांच्या माना माझ्या डावीकडे वळल्या. तिकडे आई उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते मला कळलं नाही, आणि मी मान वळवून उजवा कान तिच्याकडे करेपर्यंत ती थांबली होती. परत आणखी काय वाढून ठेवलंय, असंच माझ्या मनात आलं.

वसुधाबाई लिहीत होत्या. मी वाकून पाहिलं. पहिल्या पानावर ‘सौ.’ नव्हतं. लिहिलं होतं, सुगंधा राजाराम परब.

आई माझ्या पाठीमागून फिरून उजव्या बाजूला आली. पिशवी तिच्याच हातात होती.

“सुगंधा,” ती त्या कानाशी म्हणाली, “घराक चल. बाबा वाट बघतत.”