पावडरचा डबा आणि हिरवं पेडल

पेटी पलंगाखाली, भिंतीच्या अंगाला असते, हे बकुळाला सांगावं लागलं नाही. तिने गिटारची पिशवी खुर्चीला टेकवली, गुडघ्यांवर बसली आणि हात आत घालून पत्र्याची पेटी बाहेर ओढली. कडी जरा वर उचलून मग ढकलली की उघडते, तेही तिला ठाऊक होतं. विनोदिनी हातातला अर्धा शिवलेला ब्लाउज घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिचे वडील, तात्या, गेल्यापासून तिने केर काढताना ती पेटी फक्त सरकवली होती.

"उघडू का ताई?"

"उघडलीसच की."

बकुळा हसली. ती त्याच कारखान्यात टायपिस्ट होती जिथे तात्या इलेक्ट्रिक फिटर होते. कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात तात्या बेस गिटार वाजवत. आजारपणात हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी गिटार बकुळाला देऊन टाकली. विनोदिनीला ते दुसऱ्या दिवशी कळलं, खुंटी रिकामी दिसली म्हणून.

"आई नाहीत?"

"हाटपिपल्याला गेलीय. नृसिंहाच्या दर्शनाला."

"बरं झालं. त्यांच्यासमोर मला हे काढवलं नसतं." बकुळाने पेटीतून एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडली. मुंबईच्या कुणा वादकाकडून तात्यांनी जुनी विकत घेतलेली, गिटारचा आवाज बदलणारी तीन पेडलं: एक निळं, एक तपकिरी, एक हिरवं. आणि चौथा, तात्यांनी स्वतः जोडलेला पावडरचा डबा. झाकणाला भोक पाडून त्यात बटण बसवलेलं, बाजूने वायरी. डब्यावरची गुलाबाची फुलं घासून पुसट झाली होती. विनोदिनी शाळेत असताना हीच पावडर लावायची.

"धारच्या गणपतीत प्रोग्रॅम आहे ना," बकुळा म्हणाली. "सगळी नवी गाणी. सगळ्यांत तो सिंथचा बेस. ऑर्केस्ट्रावाले संताजीकाका बोलले, 'भिया, तो आवाज गिटारमधून निघत असेल तर ठीक, नाहीतर इंदूरचा सिंथेसायझरवाला येईल.' तो डाव्या हाताने बेसपण वाजवतो म्हणे. मग काय, अपनी छुट्टी. बेसची खुर्चीच उचलतील."

"तात्यांची खुर्ची," विनोदिनी म्हणाली.

"हो ना. तात्या काढायचे तो आवाज. मी समोर बसून ऐकलाय."

समोर बसून. विनोदिनीने ब्लाउजच्या बाहीतली टाचणी काढून आपल्या पदरात खोचली. नववीत असताना तिनेही विचारलं होतं, मला शिकवा. तात्यांनी तिची बोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली होती आणि म्हणाले होते, घट्टे पडतील गं, विनू. पुढे त्या बोटांना सुईने टोचटोच टोचलं, त्याचं कुणी काही म्हटलं नाही. आता बकुळा तारा जुळवत होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं पिवळट, टणक, चकाकणारी. अंगठी दाखवावी तशी ती दिसत होती, निदान विनोदिनीला.

"पेडलांना करंट देणारा एलिमिनेटर एकच आहे," बकुळा म्हणाली. "त्यावर दोनच चालतात. तिसरं जोडलं की घूंऽऽ सुरू. म्हणून दोन निवडायची. तुम्हाला काही आठवतं का, तात्या कुठली दोन लावायचे?"

"मी आत असायचे," विनोदिनी म्हणाली. "शिवत."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी तात्या आणि बकुळा बाहेर बसत तेव्हा ती याच मशीनवर असे. आवाज होतो, दार लावा, असं तिने कितीदा सांगितलं असेल. तात्या दार वीतभर उघडं ठेवायचेच. हवा येऊ दे, म्हणायचे. मग ती मुद्दाम जोरात मशीन चालवायची, बाहेरचं हसणं ऐकू येऊ नये म्हणून. तरी मधेच एखादा सूर असा यायचा की पाय आपोआप थांबायचे. तो जमिनीखालून आल्यासारखा, रुंद, तोंड उघडत जाणारा सूर. आपण थांबलो हे लक्षात आलं की तिला स्वतःचाच राग यायचा आणि ती पुन्हा पाय मारायला लागायची.

बाहेर बकुळाने निळं पेडल जोडलं. सूर पाण्यात बुडवल्यासारखा गोड झाला. नाही. मग तपकिरी आणि हिरवं. तपकिरी पेडल सुराच्या खाली तोच सूर आणखी जाड करून वाजवायचं, पण बकुळाच्या बोटाखालून दुसरी तार जराशी हलली की ते गोंधळून गुरगुरायचं. बकुळा स्वतःशीच चिडत होती. विनोदिनीला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटतंय हेही तिला कळलं, आणि तिने बाहीची शिवण सुरू केली.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"ताई, पाणी मिळेल?"

विनोदिनीने तांब्या भरून आणला. बकुळाच्या कपाळावर घाम होता.

"तात्यांना लगेच जमायचं," ती म्हणाली. "म्हणजे लगेच नाही. बटण फिरवत बसायचे, फिरवत बसायचे. एकदम हात काढून घ्यायचे. म्हणायचे, हं, झालं. मी विचारायची, तात्या, कसं कळलं? काय फरक पडला? कधी सांगितलं नाही. नुसते त्या दाराकडे बघायचे."

"दाराकडे?"

"हो. मला वाटायचं चहाची वाट बघताहेत." बकुळा हसली आणि पाणी प्यायली. "एकदा बोलली मी, ताईंना हाक मारू का चहासाठी? तर म्हणाले, नको, तिला उठवू नकोस. चालू दे तिचं."

विनोदिनीने रिकामा तांब्या घेतला. तो तिने स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, पुन्हा उचलला, विसळला आणि पालथा घातला. मग आत येऊन मशीनवर बसली. दार तिने ओढून घेतलं होतं, पण कडी लावली नव्हती.

बाहेर आता पावडरचा डबा जोडला होता. सूर करवतीसारखा खरखरीत झाला. मग त्याच्या पुढे हिरवं पेडल आलं, आणि खरखरीत सुराला तोंड फुटलं. बकुळा एकच तार छेडत होती आणि बटण फिरवत होती. सूर बंद, जरा कमी बंद, उघडत चाललेला. विनोदिनीचे पाय चालत होते. आला. तोच. जमिनीखालून आलेला, रुंद.

तिने पाय थांबवले नाहीत. दात ओठांवर दाबून ती शिवत राहिली. बाहीची कड संपली तरी सुई पुढे गेली, रिकाम्या जागी दोऱ्याची साखळी विणत. बाहेर बटण फिरतच राहिलं. सूर पातळ झाला, मग नाकातून बोलल्यासारखा, मग नुसती शिट्टी.

"नाही होत यार," बकुळा म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही, असं. मग मोठ्याने, "ताई, राहू दे. सांगते संताजीकाकांना, बोलवा तुमच्या इंदूरवाल्याला. पेटी होती तशी लावून ठेवते हां."

वायरी उपसल्याचा आवाज आला. पत्र्यावर पेडल ठेवल्याचा. मग आणखी एक.

विनोदिनीने दोऱ्याची साखळी कात्रीने कापली. ती चिमटीत धरून थोडा वेळ बसली. मग उठली आणि दार उघडलं. बकुळा पावडरचा डबा आपल्या ओढणीच्या टोकाने पुसत होती. हळूहळू, फुलांवरून. तिचं नाक लाल झालं होतं आणि तिने वर पाहिलं नाही.

"बाकीचं असू दे पेटीत," विनोदिनी म्हणाली. "डबा आधी लाव. पुढे हिरवं. मघाशी लावलं होतंस तसंच."

"केलं ना ताई ते. नाही निघालं."

"परत कर. सावकाश फिरव."

तिने दार ढकललं. पूर्ण लावलं नाही, वीतभर ठेवलं. मशीनवर बसून दुसरी बाही सुईखाली घेतली आणि पाय मारायला लागली.

तार वाजली. बंद. जरा कमी बंद. फटीतून तिला बकुळाची वाकलेली मान आणि सतरंजीचा कोपरा दिसत होता, जिथे तात्या बसत. तिने नजर शिवणीवर आणली. सूर उघडत गेला, उघडत गेला, आणि तिच्या पायांखालची फरशी भरून आली.

मशीन थांबलं.

बाहेर तोच सूर पुन्हा वाजला. मग बकुळाचा आवाज आला.

"ताई? मशीन का थांबलं?"

मशीनवरचं रीळ नवं होतं, गच्च भरलेलं. विनोदिनीने त्यावर हात ठेवला.

"दोरा संपला," ती म्हणाली. "तू आता बटणाला हात लावू नकोस."