पहिली वडी

आमच्या साबणाच्या कारखान्यात बाबांना सगळे जीभमास्तर म्हणत. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक शेड, दोन कढया आणि पाच माणसं. तेलात कॉस्टिक सोडा घालून शिजवायचं. सगळा सोडा तेलात मुरला की साबण झाला. थोडा मोकळा राहिला तर कातडी भाजते. तो राहिलाय का, हे बाबा जिभेचं टोक लावून सांगत. मोकळा सोडा जिभेला चटका देतो. चाळीस वर्षांत त्यांची एक कढई चुकली नव्हती, आणि हे ते दिवसातून चार वेळा ऐकवत.

ती जीभ मेली होती. हे फक्त मला माहीत होतं. वर्षापूर्वी मी भाजीत मीठ टाकायला विसरले, आणि चिमूटभर मिठावरून ताट सरकवणारे बाबा मुकाट्याने जेवले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मूठभर घातलं. "आज भाजी झकास झालीय," म्हणाले. मला रडू आलं. त्यांचा सगळा तोरा त्या जिभेवर होता. सांगायची हिंमत झाली नाही. मी थेंबांची एक बाटली आणली. सोडा मोकळा असला की थेंब गुलाबी होतो. बाबांची पाठ वळली की मी प्रत्येक कढईतल्या साबणावर थेंब टाकायचे, आणि त्यांचा मान राखला म्हणून स्वतःवरच खूश व्हायचे.

त्या सोमवारी बाटली त्यांच्या हाती लागली. "ही कुणाची अक्कल? माझी जीभ काय भाड्याने दिलीय?" सगळे फिदीफिदी हसले. राग माझ्या नाकावरच असतो. "मग तुमचं तुम्हीच बघा," म्हणून मी बाटली उचलली आणि घरी आले. एकदा आपटू देत तोंडावर, असंच मनात होतं. माल बाहेर जायच्या आत थेंब टाकणारच होते मी.

पण प्रत्येक कढईतली पहिली वडी आईसाठी घरी येते, हे रागात विसरले. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. वाचा गेलेली, अंग लुळं. तिला आंघोळ बाबाच घालतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत गेले, तर ते तिची पाठ पुसत होते. फडक्याबरोबर कातडी निघत होती. बाबांच्या घट्टे पडलेल्या हातांना काहीच कळलं नव्हतं.

"सारखं डोळ्यांतून पाणी काढत होती गं," ते म्हणाले. "मला वाटलं, फेस गेला असेल."

डॉक्टर येईपर्यंत मी तिच्यावर पाणी ओतत राहिले. पाठ बघून ते जगण्याची आशा धरू नका, असं सांगून गेले. नव्या पिंपातल्या तेलात भेसळ होती. भेसळीचा साबण होत नाही, म्हणून तेवढा सोडा मोकळाच राहिला होता.

बाबांनी ती वडी आणून जिभेला लावली. पुन्हा लावली. "काहीच लागत नाही."

मी थेंब टाकला. गर्द गुलाबी झाला.

"तुला माहीत होतं?"

"वर्षभर. रोज टाकत होते."

त्यांनी वडी खाली ठेवली. "मग या वेळीच का नाही टाकलास?"

मला राग आला होता, एवढंच कारण होतं. आई टक लावून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्यादेखत ते माझ्या तोंडून निघेना.