नफलाच्या झग्यावरची उसवण

फुलीच्या टाक्यात माझा हात धरेल अशी बाई आमच्या वाळवंटात बीर-अल-अब्दपासून अरीशपर्यंत नाही. हे मी नाही, माझ्या वैरिणी सांगतात. म्हणून तर माझी नात रहफ कॉलेजातून थेट माझ्याकडे आली.

तिनं एक जुना फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून सुती कापडावर छापून आणला होता. माझी धाकटी बहीण नफला. तिला जाऊन चार वर्षं झाली.

"आजी, तोंड, हात छापलेलेच ठेवायचे. झग्यावरचं भरतकाम मात्र तू खऱ्या दोऱ्यानं भर. प्रदर्शनात लावायचंय."

"आणि हे लाल कुणी केलं?"

"फोटो काळापांढरा होता गं. रंग मशीननं भरले."

"तुझ्या मशीनला सांग, लाल दोरा नवरा असलेलीचा. नफला बाविसाव्या वर्षी विधवा झाली. निळा आण."

"मशीन काय आपल्या जमातीतलं आहे?" कार्टी हसली.

सात दिवस मी छापील फुलीवर खरी फुली घालत होते. छाप पुसट होता तिथं बोटांना आठवत होतं. आठव्या दिवशी छातीपाशी आले आणि सुई अडली. तिथं बोराएवढ्या चार जागी फोटोतल्या झग्याचं कापड विसकटलेलं दिसत होतं.

"डाग आहे तो," रहफ म्हणाली. "मशीनवर पुसून पुन्हा छापून देऊ? नाहीतर वरून टाके घाल, झाकून जाईल."

झाकून जाईल! पोरीनं किती सोपं करून टाकलं.

तो डाग नव्हता. नवरा जाऊन तीन वर्षं झाल्यावर नफलानं त्या निळ्यात चार गुलाबी फुलं भरली होती. आमच्यात विधवेनं निळ्यात गुलाबी भरलं, की ती पुन्हा लग्नाला तयार आहे हे सगळ्यांना कळतं. तोंडानं सांगावं लागत नाही. पलीकडच्या वस्तीतल्या मुसल्लमला कळलं. तो आठवड्यात तीनदा उंट घेऊन आमच्या विहिरीवर आला, आणि उंटाला एकदाही तहान नव्हती.

नवरा गेल्यापासून नफला आमच्याच घरी राहत होती. माझी सासू म्हणाली, "तुझी बहीण छातीवर दवंडी मिरवतेय."

तेव्हा घरात नुकता कुठं माझा शब्द चालायला लागला होता. तो मला खाली पडू द्यायचा नव्हता. झगा दोरीवर वाळत होता. मी पातं घेतलं आणि फुलं उसवली. घाईत कापडही ओरबाडलं गेलं.

नफलानं झगा उलटसुलट करून पाहिला. "सुलमानच्या आई, मला विचारायचं तरी होतंस," माझ्या पोराच्या नावानं मला हाक मारून एवढंच म्हणाली. महिन्याभरानं फोटोवाला आला, तेव्हा तोच झगा घालून बसली. दुसरा चांगला होताच कुठं? मुसल्लम सुएझकडे गेला, तिकडचाच झाला. नफलानं माझी पोरं न्हाऊमाखू घातली, रहफच्या बापालासुद्धा. फुलं तिनं पुन्हा भरली नाहीत. आणि भर म्हणून मीही कधी म्हटलं नाही. तोंड काही कमी चालत नाही माझं, पण तेवढं चाललं नाही.

हे सगळं रहफला सांगितलं. तिनं पेटीतून गुलाबी दोरा काढून माझ्यापुढं ठेवला.

"मग आता तूच भर ना गुलाबी. तुझ्या हातानं."

मी गुलाबी दोरा ओवलासुद्धा. चार फुलं म्हणजे माझं एका दुपारचं काम. मग वाटलं, मेलेल्या बाईला आता कसली परवानगी देतेस? आणि बघणारे म्हणतील, थोरलीची माया बघा. दोरा काढून ठेवला.

"राहू दे तसंच. पुसू नकोस, झाकू नकोस."

"लोक विचारतील, काम अर्धवट का सोडलं."

"खाली लिही. भरलं नफलानं. उसवलं तिच्या थोरल्या बहिणीनं. माझं नाव लिही, बापाच्या नावासकट."

"आजी, बाबा चिडतील."

"चिडू दे. त्याला मी आवरते."

तिनं लिहून आणलं. अक्षरं जुळवत मी दोनदा वाचलं. 'उसवलं' तिनं बारीक काढलं होतं. मी ते मोठं करायला लावलं.