अकराचा आकडा

मित्रांनो, मी रक्त मोजण्याची एक जुनी पेटी आहे. हल्ली दवाखान्याच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, चिरलेल्या रबरी नळ्यांशेजारी पडून असते.

काचकामगाराने मला घडवलं तेव्हा माझ्यात दोन बंद नळ्या बसवल्या. त्यांत दाट तपकिरी पाणी होतं. त्यांच्या मधल्या, आकडे कोरलेल्या उघड्या नळीत आम्ल आणि बोटातून काढलेलं थोडंसं रक्त घालत. ते तपकिरी झालं की थेंबथेंब पाणी घालून शेजारच्या रंगाशी जुळवत. रंग जुळेल तिथवर चढलेलं पाणी, तोच रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा. गरोदर बाईचा अकराच्या खाली नसावा. रंग उजेडातच जुळतो, म्हणून माझी जागा कायम खिडकीत.

आमचे म्हातारे डॉक्टर म्हणत, "पेटी मागाहून. आधी पापणी." बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून ते आतली लाली पाहत. मग विचारत, "सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातेस ना? जंत आहेत का? बाळंतपणं पाठोपाठची? रक्त उगाच आटत नाही, बाई."

ते निवृत्त झाले. परिचारिका ताई एकटी उरली. मनाने सोनं, पण रांग दाराबाहेर जाई. पापण्या बघणं मागे पडलं. "पेटी खोटं बोलत नाही," ती म्हणे, आणि मी फुशारून जाई.

इकडे ऊन माझा तपकिरी रंग रोज थोडा खात होतं. नमुनाच फिका पडला, तेव्हा त्याच्याशी जुळायला रक्तात जास्त पाणी घालावं लागे. आकडा वर चढे. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई आली. तिसरी खेप, आठवा महिना. बरोबर मोठी जाऊ.

"ताई, जिना चढले की धाप लागते हो."

"जिनाच कशाला? भांडी दिसली तरी लागते," जाऊ म्हणाली. "आणि पाटीवरच्या पेन्सिली खाते ही! पोरांनी काय बोटाने लिहायचं?"

तिघीही हसल्या. ती पेन्सिलींची ओढ म्हणजे कमी पडलेल्या रक्ताचीच हाक असू शकते, हे डॉक्टरांनी कितीदा सांगितलं होतं.

ताईने मला उजेडात धरलं. "अकरा! ठणठणीत आहेस."

"ऐकलंस? आता नाटकं पुरे," जाऊ म्हणाली. ती बाई ओशाळून उठली.

बाळंतपणात रक्त गेलं. दुसरीचं निभावलं असतं. तिच्याजवळ द्यायला उरलंच नव्हतं. बाळ राहिलं, ती गेली.

वर्षभराने नवं यंत्र आलं. ताईने गंमत म्हणून स्वतःचंच बोट टोचलं. मी तेरा दाखवले, यंत्राने नऊ. पुन्हा टोचलं. तेच.

तिने मला उजेडात धरून माझ्या फिक्या नळ्या निरखल्या.

"अकरातले चार खोटे. सात," ती त्या गेलेल्या बाईला सांगावं तशी पुटपुटली. "सातच असतील गं तुझे."

मग तिने मला इथे ठेवलं. फोडलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला धाप लागत असेल, कुणाचे ओठ पांढरे दिसत असतील, तर तिला आळशी म्हणू नका. नुसत्या आकड्यावर विसंबू नका. आधी तिची पापणी ओढून पाहा. मला ते जमलं नसतं; मला हात नव्हते. ताईला होते.