ओढ्यापलीकडचं आपलं

रोपांची मूठ बांधलेली ती ओली काडी बयाबाईच्या बोटात रुतत होती. वरच्या वाडीचं शेवटचं भाताचं खाचर लावून झालं होतं, आणि बांधावर रोपं उरली होती... उरलेली रोपं ज्याला कमी पडतील त्याची, ही इथली, कापडे गावाकडची जुनी रीत. ओढ्यापलीकडे, खालच्या वाडीत, तिच्या लेकीचं, आवडीचं खाचर नुसतं चिखल करून पडलं होतं. पोरीची सगळी रोपं पाण्याखाली कुजली होती.

"बघत काय बसलीस गो?" ठमाबाई कंबर सरळ करत हसली. "लेक तिकडं दिलीस, आता जीव पन तिकडंच टाकतेस काय?"

तिचा नवरा दत्ताराम बांधावरून ओरडला, "उरलेली गुरांना घाला! पलीकडं एक मूठ जायची नाय. गावकीत ठरलंय. आपली वाडी पयली!"

हे सगळं ओढ्यावर घालायच्या साकवावरून, एका लाकडी पुलावरून. दोन्ही वाड्यांना तो आपल्याच वाटेवर हवा होता. दोन्ही काठांवर ओंडके येऊन पडले, तिथंच त्यांना अळंबी फुटली, आणि साकव कुठेच झाला नाही.

याच माणसाने मुंबईच्या गिरणीतून रजेवर आल्यावर, मोर्च्यात घोषणा देऊन बसलेल्या घशाने, तिला सांगितलं होतं — सगळा मराठी मुलूख एक करायचा. तिने विचारलं होतं, "त्यात आमचं वरंध येतंय का?" तो केवढा हसला होता! "येडे, वरंध, भोर, पार नागपूर... सगळं आपलंच." यंदा महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा पेढे घेऊन आला. आणि एवढं थोरलं ‘आपलं’ या ओढ्याशी येऊन कसं अडलं?

वरंधला, माहेरी, लहानपणी ती ऐकायची, पोलादपूरकडची माणसं लबाड. मग एके दिवशी हळद लागली आणि ती त्याच माणसांतली झाली. कुणी विचारलंसुद्धा नाही. आवडीला निरोप देताना तिनेही तेच सांगितलं — आता तेच तुझं घर, बाय. बायकांनी ‘आपलं’ बदलत जायचं. पुरुषांना कधी हा ओढा ओलांडून परकं व्हावंच लागलं नव्हतं... मग त्यांना कसं कळावं? की कळून—

"मूठ टाक ती," दत्ताराम जवळ येऊन हळूच म्हणाला. त्यालाही पलीकडचं खाचर दिसत होतं. त्याने तिकडे पाठ केली.

"टाकते," ती म्हणाली.

बोटं उघडली नाहीत. दुपारपासून पाऊस उघडला होता, ओढ्याचा गढूळपणा बसत चालला होता, मधला काळा धोंडा वर आला होता. म्हणजे पाणी मांडीएवढं असेल... की गुडघ्याएवढंच?